माडीचे विरजण

दह्याला विरजण लागते, पावाला खमीर लागते आणि सान्नांना माडी लागते. या गोष्टी आपल्या घरांत इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांनाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. हे आंबवण कोणाच्या हातून आपल्या चुलीपर्यंत आले आणि आज ते दुर्मिळ का होत चालले आहे, याचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

देवगड तालुक्यातील मिठबावपासून दक्षिणेस मालवण, वेंगुर्ल्यापर्यंतची किनारपट्टी माडांची आहे. माडी काढणे हा येथील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. माडाची न उमललेली पोय घट्ट बांधायची, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करायची आणि दररोज तिच्या टोकाची पातळ चकती कापून खाली मडके अडकवायचे, असा हा क्रम असतो. पोयीतून ठिबकणाऱ्या रसात शेकडा १२ ते १५ भाग साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर काही तासांतच रस फसफसू लागतो, ती माडी. मडक्यात राहिलेला कालचा अंश आजच्या रसाला विरजण लावतो आणि हवेतील व झाडावरील सूक्ष्म जीव त्यात भर घालतात. ही साखळी दररोज माडावर चढणाऱ्या माणसामुळेच टिकते. तो चार दिवस चढला नाही, तर ती तुटते.

माडीत किण्व असते, तसेच दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाईबंदही असतात. किण्व साखरेपासून मद्यार्क व वायू निर्माण करते आणि त्या वायूने पीठ फुगते. जिवाणू किंचित आंबटपणा आणतात. सान्नांची खरी चव या दोघांच्या सहवासातून येते. मात्र माडी फार वेळ ठेवली तर तिचा शिरका होतो. म्हणून सान्नांसाठी ताजी माडीच लागते आणि ती साठवून ठेवण्याची सोय नाही.

पोर्तुगीजांबरोबर गोव्यात गव्हाचा फुगीर पाव आला, पण त्याचे खमीर काही गलबतांतून आले नाही. पोदेरांनी ही अडचण माडीने सोडविली. गोव्यात जिला सूर म्हणतात ती माडी कणकेत मिसळून पीठ रात्रभर ठेवायचे आणि पहाटे भट्टीत घालायचे, अशी रीत पडली. पुढे गोव्याचे पोदेर मुंबईत गेले आणि त्यांच्याबरोबर पावाचा धंदाही तेथे रुजला. ‘परदेशी’ म्हणून ओळखला गेलेला हा पाव निदान आपल्या आंबवणापुरता तरी अस्सल कोकणी होता.

याच प्रश्नाला युरोपने दिलेले उत्तर निराळे आहे. थंडीत सावकाश आंबणाऱ्या लागर बियरसाठी विशिष्ट किण्व लागते. ७ ते १३ अंश सेल्सिअसच्या गारव्यात ते उत्तम काम करते. कोकणच्या उकाड्यात त्याचा निभाव लागणे कठीण. कोपनहेगनचे जे. सी. जेकबसन यांनी १८४५ साली म्युनिकहून हे किण्व आणले आणि वाटेत ते तापू नये म्हणून घोडागाडीच्या प्रत्येक थांब्यावर भांड्यावर थंड पाणी ओतले, असे सांगतात. पुढे त्यांच्या कार्ल्सबर्ग कारखान्याची बियर बिघडू लागली. तेव्हा तेथील प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये किण्वाची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविला. थोड्या गोड पाण्यात तो प्रथम वाढवायचा, मग अधिक पाण्यात आणि शेवटी मोठ्या पिंपात, ही पायरीपायरीची पद्धत आज घरी बियर करणारे हौशी लोकही पाळतात. विशेष म्हणजे कार्ल्सबर्गने हा वाण दडवून ठेवला नाही. इतर कारखान्यांनाही तो दिला.

एक विरजण असे नळीत जतन झाले, तर आपले मडक्यातच राहिले आणि मडक्यावर सरकारची नजर होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढण्यास परवाना सक्तीचा झाला आणि छेदलेल्या झाडांवर कर बसला. या कराविरुद्ध १८८० च्या दशकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष उसळला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘मद्य’ या शब्दाच्या व्याख्येत माडीचाही समावेश केला. त्याच कायद्यात वेदीवरील द्राक्षारसासाठी परवानगीची तरतूद होती. परंतु कायद्याच्या भाषेत सान्नांच्या पिठातली वाटीभर माडी आणि गुत्त्यातली माडी यांत फरक उरला नाही. कालांतराने बंदी सैल झाली, तरी मधल्या काळात खंड पडायचा तो पडलाच.

कायद्याने जे अर्धवट सोडले ते बाजाराने पूर्ण केले. किण्वाची पूड पुडीत मिळू लागली. ती झटपट काम करते, कोणत्याही ऋतूत मिळते आणि तिच्यासाठी कोणाला माडावर चढावे लागत नाही. उंच माडावर दिवसातून दोन-तीनदा चढण्याचे जोखमीचे काम तरुणांना नको वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण पुडीतील किण्व एकाच वाणाचे असते. सान्ना फुगतात, परंतु त्यांचा तो किंचित आंबट गोडवा हरवतो.

शुभवर्तमानातील स्त्रीने पिठाच्या तीन मापांत खमीर लपविले, हा दृष्टांत आपण ऐकत आलो आहोत. खमीर दिसत नाही. त्याचे काम तेवढे दिसते. आपल्या खमिरामागेही असाच एक न दिसणारा माणूस होता. तो बहुधा आपल्या धर्माचा नव्हता, आपल्या मेजावरही नव्हता. पण त्याच्या कोयत्यावाचून आपला नाताळ साजरा होत नसे. ज्या गावांत अजून माडी निघते, तेथील कुटुंबांनी किती तांदळाला किती माडी आणि पीठ किती वेळ ठेवायचे, हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे आणि माडी काढणाऱ्याला योग्य मोल द्यावे, असे आम्ही सुचवितो. युरोपने आपले विरजण प्रयोगशाळेत राखले. आपले राखायचे तर त्या माणसाचा धंदा टिकला पाहिजे.