नळी आणि काडतूस

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे वारल्यांच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चौघे मारले गेले. डहाणू-तलासरीत त्यांचे स्मरण आजही होते. हुकूम कोणाचा, हे अशा वेळी विचारले जाते. आम्हाला बंदुकीविषयीही विचारावेसे वाटते. कारण एतद्देशीयाच्या हाती कोणते हत्यार द्यावे, यात राजवटीची भीती उमटलेली आहे.

१८५७ नंतर देशी शिपायांना आटेदार नळी नाकारून गुळगुळीत नळीची बंदूक दिली गेली. पुढे ईशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीच्याच सांगाड्यावर .४१० ची गुळगुळीत नळी बसवून पोलिसांसाठी एकेका काडतुसाची मस्केट तयार झाली. तिचे सरळ काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्या निमुळत्या कोठीत शिरतच नाही. उलट रायफलीची गोळी तिच्या रुंद नळीत सैल पडते. चोरलेला दारूगोळा बंडखोराच्या कामी न येण्याची ही तजवीज (आणि स्वस्तही!).

दिसायला मात्र दोघी जुळ्या बहिणी. स्वातंत्र्यानंतर ईशापूरनेच त्या घाटाची ७.६२ मिमीची तिसरी बहीण घडवली. तिचे पुंगळे ५१ मिमी लांब, थ्री-नॉट-थ्रीचे ५६. म्हणून जाणता शस्त्रकार लाकडी दस्त्यावर विसंबत नाही. तो नळीवरचा ठसा वाचतो, आणि ठसा पुसट असेल तर कोठीचेच माप घेतो.