‘अजून नाही’ : बालविकासाच्या चाळणीतली पालकांची जागा

आमच्या घरात १९८८ सालचं एक कॅलेंडर जपून ठेवलं आहे. पानांवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर आल्याच्या तारखा आणि मधूनमधून वहिनींच्या अक्षरातल्या नोंदी : ‘पालथा पडला’, ‘आधाराशिवाय बसला’. ऑगस्टच्या पानावर लिहिलंय, ‘कुकरची शिट्टी झाली, दचकला नाही.’ ऑक्टोबरात, ‘मागून हाक मारली, वळला नाही.’ हे वहिनींनी डॉक्टरांना सांगितलं. ‘मुलगे उशिराच बोलतात, वाट पाहा,’ असं उत्तर मिळालं. घरातल्या मोठ्यांनीही त्याला दुजोरा दिला. पुतण्याला ऐकू येत नाही हे निश्चित झालं, तेव्हा त्याला तीन वर्षं पूर्ण झाली होती.

मूल कसं वाढतंय याबद्दल कोणाचं सांगणं पुरावा मानायचं? या प्रश्नाचा इतिहास शोधायला मला त्या कॅलेंडरनं लावलं.

गंमत म्हणजे या शास्त्राच्या आरंभी पालकाचीच वही दिसते. चार्ल्स डार्विनने १८३९ च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या, विल्यमच्या, नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवर आधारलेला लेख त्याने १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात छापला. पुढे अर्नोल्ड गेसेल यांनी १९११ पासून येल विद्यापीठात मुलांचं पद्धतशीर निरीक्षण सुरू केलं. एका बाजूनेच पलीकडचं दिसेल असा पडदा आणि चित्रफितीचा कॅमेरा वापरून कोणत्या वयात मूल काय करतं याचे टप्पे त्यांनी मांडले. निरीक्षण नेमकं झालं, पण आता ते तज्ज्ञाच्या हाती गेलं.

१९६७ मध्ये विल्यम फ्रँकेनबर्ग आणि जोसाया डॉड्स यांची डेन्व्हर चाचणी आली. डेन्व्हर शहरातल्या १,०३६ मुलांवर ती प्रमाणित केलेली होती आणि तिच्यात १०५ कृती होत्या. प्रत्येक कृतीपुढे एक पट्टी होती. २५, ५०, ७५ आणि ९० टक्के मुलांना ती कृती कोणत्या वयात जमते, हे त्या पट्टीवरून कळे. काही पट्ट्यांवर ‘आर’ हे अक्षर होतं. त्याचा अर्थ, इथे पालकांनी सांगितलेलं पुरे. तज्ज्ञांच्या तक्त्यात पालकांना मिळालेली ही एका अक्षराएवढी जागा.

ती जागा रुंदावली ओरेगॉन विद्यापीठात. डायन ब्रिकर, जेन स्क्वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांनीच भरायच्या प्रश्नावल्या तयार केल्या. १९९५ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. पालकांनी घरी मुलाबरोबर एखादी गोष्ट करून पाहायची आणि तीनपैकी एक उत्तर निवडायचं : ‘हो’, ‘कधीकधी’, ‘अजून नाही’. तिसरं उत्तर नुसतं ‘नाही’ असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘नाही’ लिहिताना आईचा हात थबकतो. ‘अजून नाही’ ती लिहू शकते. फ्रान्सिस ग्लास्को यांनी तर थेट पालकांच्या काळजीलाच दहा प्रश्नांत बसवलं.

पण काळजी प्रत्येकाला वाटतेच असं नाही. पहिलटकरणीपुढे तुलनेला दुसरं मूल नसतं. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ मध्ये शिफारस केली, की तक्रार असो वा नसो, ९, १८ आणि ३० महिन्यांना प्रत्येक मुलाची चाळणी व्हावी. चाळणी म्हणजे निदान नव्हे. पुढे कोणाला नीट तपासायचं, एवढंच ती सांगते.

आपल्याकडे १९९१ मध्ये त्रिवेंद्रमहून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ कृतींचा तक्ता आला. मुलाच्या वयावर उभी पट्टी धरायची; पट्टीच्या डावीकडची एखादी कृती जमत नसेल तर मुलाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. अंगणवाडीताईंनाही जमेल इतकं हे सोपं होतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्यात जन्मजात दोष, कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातला विलंबही तपासणीत आला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरली.

पथक वर्षातून दोनदा येतं. कुकरची शिट्टी रोज होते. म्हणूनच तुर्कस्तानच्या इल्गी एर्तेम यांनी घडवलेली पद्धत मला या इतिहासातलं पुढचं पाऊल वाटते. तिच्यात मुलाला कसोटीला बसवत नाहीत. सांभाळणाऱ्या माणसाशी मोकळा संवाद साधतात : मूल काय सांगू पाहतं, काय समजतं, कसं खेळतं, तुम्हाला कशाची चिंता वाटते? या पद्धतीचा अभ्यास ज्या चार देशांत झाला, त्यांत भारतही होता.

वहिनी आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मला कोणी विचारलंच नाही हो. मी आपली सांगत राहिले.”

विचारणं आणि सांगत राहणं यांत आमच्या घरातली दोन वर्षं गेली.