घटस्फोट, इटलीतील

घटस्फोट, इटलीतील : विवाह हा अविच्छेद्य संस्कार की माणसांनी केलेला करार, हा कॅथलिक व इहवादी विचारांतील वाद इटलीत १९७४ च्या सार्वमतापर्यंत गेला. १८६५ च्या संहितेने नागरी विवाह आणला. घटस्फोट मात्र नाकारला. १९२९ च्या लॅटरन करारान्वये चर्चमधील विवाहास नागरी मान्यता मिळाली. विवाह मुळातच अवैध होता, असे चर्चचे न्यायालय ठरवू शके; वैध बंध मात्र अतूटच. परिणामी विभक्त झालेल्यांना पुनर्विवाह करता येत नसे आणि त्यांनी दुसरे बिऱ्हाड थाटल्यास तेथील मुले अनौरस ठरत. खरा जाच हाच होता. फोर्तुना व बास्लीनी यांच्या प्रयत्नाने १ डिसेंबर १९७० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला. त्यासाठी पाच वर्षांची विभक्तता आवश्यक होती. तो रद्द करण्यासाठी ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे फान्फानी यांनी मोहीम चालविली. तथापि १२–१३ मे १९७४ रोजी सु. ५९ टक्के मते कायद्याच्या बाजूने पडली. ही केवळ निरीश्वरवाद्यांची मते नव्हेत. संस्कार श्रद्धेने पाळावा, दंडशक्तीने लादू नये, असे मानणारे कॅथलिकही त्यांत होते. १९७५ मध्ये कुटुंबविषयक कायद्याने पतिपत्नींना समान अधिकार दिले. विभक्ततेची मुदत १९८७ मध्ये तीन वर्षांवर आली व २०१५ मध्ये आणखी घटली. चर्चचा सिद्धांत मात्र बदलला नाही.