बारगीर आणि बर्गी

मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत ‘बारगीर’ हा साधा व्यवहारातला शब्द होता. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. हाच शब्द बंगालमध्ये ‘बर्गी’ झाला आणि तेथील अंगाईगीतात जाऊन बसला. एका प्रांतातील चाकरीचा शब्द दुसऱ्या प्रांतात भयाचा शब्द कसा झाला, याचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

१७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालमध्ये उतरले. नबाब अलिवर्दीखान बर्दवानजवळ कोंडला गेला. मे महिन्यात स्वारांची एक तुकडी थेट मुर्शिदाबादेवर गेली आणि जगत्शेटची पेढी लुटली गेली. राजधानीच सुरक्षित नाही, हे एकदा दिसल्यावर खेड्यापाड्यांनी कोणाकडे पाहावे? भागीरथीच्या पश्चिमेकडील लोक घरदार सोडून नदीपार निघाले. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीने ‘महाराष्ट्रपुराणा’त हे पलायन वर्णिले आहे. त्यात पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन निघतो, सोनार आपला तराजू घेऊन निघतो. सर्वस्व सोडताना माणूस ज्याच्यावर पुन्हा पोट भरता येईल तेवढेच बरोबर घेतो.

याच कवीने या आपत्तीचे कारण मात्र दिल्लीत किंवा नागपुरात शोधलेले नाही. लोकांची पापे वाढली, म्हणून शंकराने नंदीला शाहूराजाकडे धाडले, असे तो सांगतो. पुढे स्वारांचे अत्याचार वाढल्यावर देवीच भास्कररामावर उलटते. असहाय माणसाला संकटाइतकेच त्याचे निरर्थकपण असह्य होते. दोष स्वतःकडे घेऊनही तो त्यात काही न्याय शोधू पाहतो.

कलकत्त्याच्या रहिवाशांनी दुसरा उपाय योजला. १७४३ साली त्यांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्यास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खोदून झाला. पण मराठे तिकडे आलेच नाहीत आणि काम अपुरे राहिले. पुढे तो खंदक बुजवून त्यावरून रस्ता झाला. खंदक खणण्याचे सामर्थ्य ज्यांच्याजवळ होते, त्यांना त्याची गरज पडली नाही. ज्यांना गरज होती, त्यांच्याजवळ ते सामर्थ्य नव्हते.

त्याच वर्षी रघुजींना आवरण्यासाठी बाळाजी बाजीराव पेशवे बंगालमध्ये आले. नबाबाला या रक्षणाचेही मोल मोजावे लागले. १७४४ च्या मार्चमध्ये तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्कररामांची मानकरा येथे दग्याने हत्या करण्यात आली; तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने नबाबाने वर्षाला बारा लक्ष रुपये कबूल केले. नबाबाने ‘चौथ मराठा’ या नावाचा जादा कर बसविला. स्वाराने नेले ते एकदा, आणि स्वाराला द्यायचे म्हणून सरकारने नेले ते पुन्हा, असा हा दुहेरी भार अखेर रयतेवर आला.

अंगाईगीतात हाच भार शिल्लक राहिला आहे. मूल निजले आहे, वस्ती निवांत आहे, आणि बर्गी आले आहेत. परंतु त्या आईची चिंता तलवारीची नसून साऱ्याची आहे. धान्य पाखरांनी खाल्ले, आता सारा द्यायचा कशातून? घाव क्षणाचा असतो; घेणेकरी दोन आणि दाद मागावयास एकही नाही, ही जाणीव मात्र दिवसरात्र सोबत राहते.

ज्या नागपूर राज्यातून हे स्वार निघाले, तेथील खेडीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या नावाने दचकू लागली. पराक्रमाची नोंद बखरीत राहते. तो ज्यांच्या अंगणात घडतो, त्यांची नोंद कधी कधी पाळण्यापाशी सापडते. दोन्ही वाचल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.