नौगांवचा परखदार

गांज्याच्या लागवडीसंबंधीं जुने कागद पाहूं जातां बहुधा परवाना, कर व गुदाम यांचाच मजकूर हातीं लागतो; शेतांतील माणूस क्वचितच दिसतो. हेमचंद्र केर यांचा बंगालच्या गांज्यावरील १८७७ चा अहवाल या बाबतींत मोलाचा आहे.

राजशाहीकडील नौगांव भागांत या पिकाचें खरें संकट नर झाडाचें. तें शेतांत राहिलें कीं मादीच्या फुलोऱ्यांत बीं धरतें व माल उतरतो. नर ओळखावयाचा तो फूल उमलण्यापूर्वीं, आणि ही नजर साध्या रयतेस नसे. म्हणून ती परखदारास, ज्यास पोद्दारही म्हणत, मोल देऊन बोलावी. नवख्या, तुटपुंज्या भांडवलाच्या कुळास हा खर्च चुकत नसे. त्याची चूक झाली तर वर्षाची मेहनत बुडे, आणि तोटा मात्र कुळाच्याच माथीं!

शिवाय आपल्याकडील हें झाड दिवस लहान होऊं लागल्यावरच फुलतें, त्यामुळें हंगाम बांधलेला. व्होल्गाकांठच्या ज्या रानटी भांगेस यानिशेव्स्की यांनीं १९२४ त ‘रुडेरालिस’ हें नांव दिलें, तिच्या संकरापासून निघालेलें बेणें दिवसमानाची वाट न पाहतां वयानुसार फुलतें. पण नर निवडण्याचें काम केवळ तेवढ्यानें टळत नाहीं.

नौगांवची लागवड १९८७ त बंद झाली. मध्यप्रांतांत हें पीक निमाडांत खंडव्याकडे होई. तिकडील मोडी दप्तरांत नर उपटण्याच्या मजुरीची नोंद कोणा संग्राहकास आढळल्यास ती अवश्य प्रसिद्ध करावी.