काडतुसाच्या चरबीची कुळकथा

शिशाची ओतीव गोळी स्वतः काडतुसात भरणारा नेमबाज अगदी शेवटी एक बारीक काम करतो. गोळीच्या खाचेत भरलेले मेणचट वंगण टोकावर किंवा काडतुसाच्या अंगावर आले असेल, तर ते फडक्याने पुसून काढतो. तसेच राहिले तर त्यावर धूळ बसते, उन्हात ते पाघळते आणि दारूपर्यंत पोचले तर बार फुसका जातो. वंगण हवेच, पण नेमक्या जागी आणि नेमके तेवढेच. आज साधा वाटणारा हा नियम मेरठ-दिल्लीच्या पट्ट्यात १८५७ साली माणसांच्या जिवावर बेतला. चरबीची काडतुसे हे उठावाचे कारण होते की निमित्त, यावर शतकभर वाद झाला. त्या वादात खुद्द चरबीकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहिले नाही. ती कशाला लागत होती, कुठे लावत होते आणि तिच्याऐवजी काय चालले असते, हे पाहिले की शिपायांची हरकत आणि बंदुकीची गरज यांच्यात वैर नव्हतेच, असे माझे ठाम मत बनते. दोघांनाही मेण चालणार होते.

ही काडतुसे ज्या बंदुकीची, ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ही ठासणीची बंदूक. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच, म्हणजे दोघांत इंचाच्या हजार भागांपैकी जेमतेम नऊ भाग अंतर. काळ्या दारूचा बार झाला की नळीत काजळीचा कडक थर बसतो आणि दहावीस बारांनंतर गोळी गजाने रेटूनही खाली उतरत नाही. म्हणून गोळीभोवतीचा कागद चरबी-मेणाच्या वितळलेल्या मिश्रणात बुडवत. तेच वंगण काजळी मऊ करी, शिसे नळीतल्या आट्यांना चिकटू देत नसे आणि ओलही अडवी. शिपायाने काडतुसाचे दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगण लावलेली गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने ठासायचे, अशी कवायत होती. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दात लागत ते दारूच्या टोकाला. चरबी असे ती दुसऱ्या, गोळीच्या टोकाला.

यावरूनच काही जण म्हणतात, की मग चरबी तोंडात जाण्याचा प्रश्न कुठे येतो? कागदावरच्या आकृतीपुरते हे बरोबर आहे. पण दहा-दहा काडतुसांच्या पुडक्यात, कातडी पेटीत, उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चरबी आपली जागा धरून बसत नाही. ती कागदात पसरते, शेजारच्या काडतुसाला लागते, बोटांना लागते. आणि त्याच बोटांनी काडतूस तोंडाशी न्यायचे असते. ही शंका सरकारलाही होती. १८५३ साली नमुन्याची काडतुसे मुद्दाम हिंदुस्थानात पाठवली आणि पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पेट्यांत वागवायला लावली, ती इथल्या हवेत वंगण कसे टिकते हे पाहण्यासाठीच. वितळते का, सुकते का, एवढेच त्या चाचणीने विचारले. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न त्याच वर्षी बंगाल लष्करातल्या टकर या अधिकाऱ्याने लेखी विचारला होता. वंगण जातिधर्माला आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याखेरीज देशी पलटणींना ही काडतुसे देऊ नयेत, असे त्याने सुचवले. ते पत्र दप्तरात पडून राहिले. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या छावणीत गाय-डुकराच्या चरबीचा बोभाटा झाला आणि चौकशी झाली, तेव्हा कलकत्त्याच्या शस्त्रागारातली चरबी गाय-डुकराची नाही, असे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकही अधिकारी पुढे आला नाही. कारण ती तपासायला कोणाला सांगितलेच नव्हते.

आणि शिपाई वंगणाच्याच विरोधात होते, असेही नाही. देशी पलटणींतल्या रायफलधारी तुकड्या त्याआधी वर्षानुवर्षे मेंढीची चरबी आणि मेण लावलेला माल वापरत होत्या, ही माहिती तेव्हा लष्करी कचेरीनेच सरकारला कळवली होती. त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. ज्याला अडाणी सोवळेपणा म्हटले गेले, तो खरे तर एक नेमका प्रश्न होता: यात काय घातले आहे?

सर्वांत वजनदार आक्षेप मेरठचा आहे. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपुढे जी काडतुसे ठेवली, ती जुन्याच धाटणीची, बिनचरबीची होती आणि ती दातांऐवजी हाताने फाडण्याची नवी कवायतच कर्नल कारमायकेल-स्मिथला दाखवायची होती. तरीही ८५ जणांनी ती घेतली नाहीत. मग चरबी निमित्तच ठरली ना? मला तसे वाटत नाही. जानेवारीच्या अखेरीस सरकारने शिपायांना वंगण स्वतःच्या पसंतीने लावायची मुभा दिली, मार्चमध्ये फाडण्याची रीत बदलली. पण आधीच्या मालात काय होते, हे कोणी उघडपणे सांगितले नाही. न सांगता केलेल्या प्रत्येक दुरुस्तीने संशय वाढतच गेला. वंगण गेले तेव्हा कागदाच्या तुळतुळीत चकाकीवर शंका आली. त्याच सुमारास पेणजवळच्या वरसईहून ग्वाल्हेरकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या कानावर महूच्या आसपास हीच काडतुसांची हकीकत आली. ही बातमी माळव्यातल्या वाटसरूपर्यंत पोचते, तेव्हा हा एका पलटणीचा हट्ट राहिलेला नसतो. ९ मे रोजी त्या ८५ जणांना भर परेडवर बेड्या ठोकल्या, बहुतेकांची शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरीची. १० मे रोजी मेरठ पेटले आणि ११ ला स्वार दिल्लीत शिरले.

उरलेला पुरावा खुद्द बंदुकीने दिला. मे अखेरीस आजच्या गाझियाबादजवळ हिंडण नदीवर आणि पुढे दिल्लीच्या टेकडीवर एनफिल्ड होत्या त्या गोऱ्या साठाव्या रायफल पलटणीकडे. समोरच्या शिपायांकडे मुख्यतः जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केट होत्या. चरबी वितळून कोरडा पडलेला कागद आणि काजळीने आवळलेली नळी हा त्रास गोऱ्या सैनिकांच्याच वाट्याला आला. उठाव सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणला गेला आणि चरबी काढून निखळ मेण वापरात आले. ते मेण उन्हात जागा धरून राहते आणि कोणाच्याही धर्माला बाधत नाही. पुढे विसाव्या शतकात हाताने काडतूस भरणाऱ्यांमध्ये रूढ झालेल्या ॲलॉक्सच्या वंगणातही निम्मे मेणच असते. म्हणजे टकरचे पत्र वाचून १८५३ मध्येच मेण निवडले असते, तर बंदुकीचे काही बिघडले नसते, उलट भलेच झाले असते.

देशी पलटणींना मात्र ती सुधारलेली गोळी मिळाली नाही. त्यांच्यासाठी १८५८ च्या नमुन्याची एक वेगळी बंदूक काढली. दिसायला ती हुबेहूब एनफिल्ड होती, पण नळीतले आटे काढून टाकलेले होते. सैल गोळी घेणारी, लांबवर नेम न धरणारी.