गॅसलाइट: एका दिव्याचे क्रियापद

‘गॅसलाइट’ म्हणजे मुळात गॅसचा दिवा. त्याचे क्रियापद झाले ते पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ नाटकामुळे. व्हिक्टोरियन काळातले लंडन. नवरा संध्याकाळी बाहेर जातो असे दाखवून गुपचूप त्याच घराच्या वरच्या, बंद मजल्यावर चढतो आणि दडवलेली माणके शोधतो. वर त्याने दिवा लावला की गॅस वाटला जातो आणि खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंदावते. एरवी तो घरातल्या वस्तू स्वतःच लपवतो आणि ‘तूच हरवल्यास, तुझे डोके ठिकाणावर नाही’ असे तिला ऐकवत राहतो. याच कथेवरच्या १९४४च्या चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. २०२२मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने ‘गॅसलायटिंग’ हा वर्षाचा शब्द ठरवला.

हल्ली कुणी साधी थाप मारली तरी हा शब्द वापरतात, ते मला खटकते. ठकवणाऱ्याला, गंडवणाऱ्याला आपले पैसे हवे असतात. इथे माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, आठवणीवरचा विश्वासच पोखरला जातो, तोही दिवसेंदिवस. आपल्याकडे जवळचा वाक्प्रचार म्हणजे ‘वेड्यात काढणे’. ‘मी असं बोललोच नव्हतो, तुलाच हल्ली काही आठवत नाही’ हे रोज ऐकणारी बाई शेवटी स्वतःलाच तपासू लागते. त्या छळाला नेमके नाव मिळाले आहे. ते सैल वापरले, तर तिचे गाऱ्हाणे कुणी गंभीरपणे ऐकणार नाही.